कोऱ्या बाटल्यांचे दिवस

सोमवार

आज दिवसभर बाटल्या धुतल्या. नदीच्या पाण्यात विरघळलेलं शिसं, कॅडमियम आणि जस्त मोजायला जायचं आहे, आणि त्याआधीचा सगळ्यांत लांबलेला टप्पा हाच. विरल नायट्रिक ॲसिडमध्ये भिजत घातलेल्या बाटल्या बाहेर काढायच्या, अतिशुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा विसळायच्या, गाळलेल्या हवेच्या झोताखाली ठेवायच्या, मग एकात एक अशा दोन पिशव्यांत बंद करायच्या. पावडर लावलेले हातमोजे आत आणायचे नाहीत, त्या पावडरीत जस्त असू शकतं. लिटरभर पाण्यात ग्रॅमचा अब्जावा भाग शोधायचा म्हटलं की धूळ, केस, कपड्याचा धागा, सगळंच संशयित.

दुपारी आमच्या गटातली नवी विद्यार्थिनी यादी बघत म्हणाली, "मॅडम, एवढे ब्लँक कशाला? तेवढ्या वेळात आणखी दोन-तीन ठिकाणचं पाणी मोजून होईल." प्रश्न रास्त आहे. मास स्पेक्ट्रोमीटरवरचा, म्हणजे धातूंचे अतिसूक्ष्म अंश मोजणाऱ्या यंत्रावरचा वेळ मोजका मिळतो, आणि त्यातला बराचसा वेळ आम्ही ज्यात काही नसावं अशा कोऱ्या पाण्यावर, म्हणजेच ब्लँकवर, घालवतो. मी तिला नेहमीचं उत्तर दिलं. शुद्ध पाण्याने भरलेली एक कोरी बाटली नदीपर्यंत जाते आणि न उघडता परत येते. दुसरी काठावर उघडतात, प्रयोगशाळेतून नेलेलं शुद्ध पाणी तिच्यात भरतात, तेही त्याच गाळणीतून, त्याच ॲसिडच्या थेंबांसह. तिसरी प्रयोगशाळेतून हलतच नाही. पहिलीत शिसं सापडलं तर संशय बाटलीच्या भिंतीवर आणि प्रवासावर. फक्त दुसरीत सापडलं तर वारा, गाळणी किंवा आपले हात. तिसरीतही सापडलं तर ॲसिड, पाणी किंवा यंत्र.

तिला पटलं असावं. पण उत्तर देताना मला जाणवलं की हे एवढ्यावर संपणारं नाही. या कोऱ्या बाटलीवर माझा फार जीव आहे आणि तो का, हे मी कधी नीट लिहून काढलेलं नाही. या आठवड्यात ते करते.

मंगळवार, रात्र

सुरुवात अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसनपासूनच करायला हवी.

1940च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात पॅटरसन आणि जॉर्ज टिल्टन या दोन तरुणांना झिरकॉनचे बारीक स्फटिक दिले गेले. झिरकॉन घडताना युरेनियम आत घेतो, शिसं मात्र जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे त्यात आज सापडणारं शिसं हे युरेनियमच्या क्षयातून आलेलं, आणि दोन्हींच्या प्रमाणातून खडकाचं वय काढता येतं. टिल्टनने युरेनियम मोजायचं, पॅटरसनने शिसं. युरेनियमचे आकडे जुळले. शिशाचे जुळेनात. ज्या खडकाचं वय आधीच ठाऊक होतं त्यातही शिसं भलतंच जास्त येत होतं. ते खडकातलं नव्हतंच. ते हवेत होतं, काचेत होतं, ॲसिडमध्ये होतं, माणसांच्या अंगाखांद्यावर होतं.

पुढची काही वर्षं पॅटरसन हे बाहेरचं शिसं हटवत राहिला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्याने त्यासाठी खास स्वच्छ प्रयोगशाळा उभी केली. मग कॅन्यन डियाब्लो उल्केतल्या शिशाची समस्थानिकं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे शिशाचे अणू, मोजली आणि 1956 साली पृथ्वीचं वय प्रसिद्ध केलं: 455 कोटी वर्षं, सात कोटी इकडे किंवा तिकडे. इतक्या दशकांनंतरही हा आकडा जवळपास तसाच उभा आहे.

पण माझं मन रमतं ते त्यानंतरच्या भागात. जे गाळून टाकण्यासाठी त्याने इतका जीव काढला, त्याचाच तो माग काढायला लागला. एवढं शिसं येतं कुठून? समुद्राच्या वरच्या थरात ते खोल पाण्यापेक्षा जास्त निघालं. ग्रीनलँडच्या बर्फात जुन्या थरांकडून नव्या थरांकडे येताना ते वाढत गेलेलं दिसलं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टेट्राएथिल लेड हा मोठा स्रोत होता, आणि 1965 साली त्याने लिहिलं की माणसाच्या शरीरातलं शिसं नैसर्गिक पातळीपेक्षा कितीतरी पटीने वाढलेलं आहे. उद्योगाला हे रुचणारं नव्हतंच. त्या वेळी "सर्वसामान्य" म्हणून सांगितली जाणारी पातळी मुळात दूषित माणसांची, दूषित प्रयोगशाळांत मोजलेली होती. 1980 साली सेटल आणि पॅटरसन यांनी ट्यूना माशाच्या मांसातलं शिसं स्वच्छ पद्धतीने मोजलं, तेव्हा इतर प्रयोगशाळांचे आकडे शेकडो पटींनी फुगलेले निघाले.

रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसंयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जेरिया. तिथली विक्री 2021 मध्ये थांबली. झिरकॉनच्या त्या न जुळणाऱ्या आकड्यांपासून इथवर सत्तरएक वर्षं. पॅटरसनने तो जास्तीचा आकडा वजा करून पुढचं पान उलटलं असतं, तर हे सगळं समजायला आणखी किती काळ गेला असता, हा विचार मला अस्वस्थ करतो.

बुधवार

आज फक्त यंत्र. ब्लँक पुन्हा पुन्हा चालवला. आकडे थोडे वरखाली होतात आणि तेच हवं असतं. कोऱ्या पाण्याचे आकडे जितके हलतात, त्या हलण्याच्या म्हणजे प्रमाण विचलनाच्या तिप्पट ही आमची शोधमर्यादा. त्याखाली काही "सापडलं" असं आम्ही म्हणत नाही. नदी कितीही महत्त्वाची असली तरी तिच्याबद्दल काय बोलता येईल हे कोरं पाणी ठरवतं.

गुरुवार

भौतिकीतल्या लोकांकडे ब्लँक नसतो, पार्श्वभूमी असते, म्हणजे हव्या त्या संकेतात मिसळणाऱ्या नको असलेल्या नोंदी. काम तेच. फरक एवढाच की त्यांचा शत्रू आकाशातूनही येतो. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन आदळतो, म्हणजे वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणारा एक सूक्ष्म कण. क्वचित घडणारी घटना टिपायची असेल तर डोक्यावर डोंगर घ्यावा लागतो किंवा खाणीत उतरावं लागतं.

कोलारच्या सोन्याच्या खाणीतलं काम मला यासाठीच फार मोलाचं वाटतं. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ तिथे वेगवेगळ्या खोलींवर म्युऑन मोजत होते. जसजसं खाली जावं तसतसे ते विरळ होत गेले. सर्वांत खाली, सुमारे पावणेतीन किलोमीटरवर, उपकरण जवळपास दोन महिने चालू राहिलं आणि एकही म्युऑन नोंदला गेला नाही.

तिथल्या उकाड्यात ते सारं सामान उतरवणारी, रोज जाऊन नोंदवही बघणारी, रोज शून्य लिहिणारी माणसं मी डोळ्यांसमोर आणते. हे शून्य वाया गेलं नाही. इतक्या खोलवर वरून येणारे म्युऑन जवळजवळ संपतात, म्हणजे तिथे कधी एखादा दिसलाच तर तो न्यूट्रिनोने, म्हणजे खडकालाही सहसा न अडणाऱ्या कणाने, आसपासच्या खडकात निर्माण केलेला असू शकतो, हे त्या शून्यातून उघड झालं. सुमारे 2.3 किलोमीटर खोलीवर नवीन शोधक बसवले गेले, जपानमधलं ओसाका आणि इंग्लंडमधलं डरहॅम ही विद्यापीठं सोबत आली, आणि 1965 साली वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा तिथे मिळाल्या. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक रेइन्स यांच्या गटालाही त्या मिळाल्या. न्यूट्रिनोचं श्रेय सगळे लिहितात. मला त्या दोन महिन्यांच्या रिकाम्या नोंदींबद्दल अधिक वाचायचं आहे.

शिसं इथेही येतंच. शोधकाभोवती किरणोत्सार अडवायला शिशाच्या विटा रचतात. पण ताज्या शिशात शिसं-210 असतं आणि ते स्वतःच किरणोत्सारी. खनिजातून धातू काढताना युरेनियम मागे राहतं, शिसं-210 मात्र रासायनिकदृष्ट्या शिसंच असल्यामुळे सोबत येतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे 22 वर्षं, म्हणून थांबणं हा एकच उपाय. इटलीच्या ग्रान सासो डोंगराखाली, सुमारे 1400 मीटर खडकाच्या आड चालणाऱ्या क्युओरे या न्यूट्रिनोसंबंधीच्या प्रयोगासाठी सार्डिनियाच्या किनाऱ्याजवळ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेल्या रोमन जहाजातल्या शिशाच्या लगडी वितळवल्या गेल्या. लगडींवरचे कोरीव लेख आधी कापून जपून ठेवले. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांमध्ये यावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. एका शास्त्राची स्वच्छता ही दुसऱ्या शास्त्राची सामग्री असते. लेख वाचवले हे चांगलं केलं, पण असा निर्णय प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंनी एकत्र बसून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

शुक्रवार

थोडंच लिहिते, उद्या लवकर निघायचं आहे. भूकंपमापकांची पार्श्वभूमी म्हणजे आपणच: गाड्या, कारखाने, चालणारी माणसं. 2020च्या टाळेबंदीत जगभरच्या नोंदींमधला हा उच्च वारंवारतेचा गोंगाट निम्म्यापर्यंत उतरला. एरवी त्यात बुडून जाणारे बारीक संकेत काही ठिकाणी दिसायला लागले. त्या अतोनात दुःखाच्या काळाला कुणी प्रयोग म्हणणार नाही. पण यंत्रं चालू होती म्हणून पृथ्वीचा मनुष्यविरहित आवाज किती असतो याची थोडी कल्पना आली.

रविवार, परत आल्यावर

नदीकाठी दोघींनी काम वाटून घेतलं. एकीने फक्त बाहेरच्या पिशवीला हात लावायचा, दुसरीने फक्त आतली पिशवी आणि बाटली हाताळायची. बाटलीचं तोंड प्रवाह जिकडून येतो त्या दिशेला, म्हणजे पाणी आपल्या अंगावरून न जाता बाटलीत येतं. वाऱ्याने पिशव्या फडफडत होत्या आणि मला सारखा लुई पाश्चर आठवत होता.

पाश्चरचे हंसासारख्या मानेचे चंबू सगळ्यांना माहीत आहेत. जीव आपोआप उपजतात की हवेतल्या धुळीवरून येतात हे तपासायला 1860 साली पाश्चर चंबू घेऊन डोंगरांवर गेला, हे तेवढं सांगितलं जात नाही. यीस्टचं उकळलेलं पाणी भरायचं, उकळत असतानाच तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं. नंतर ठरल्या जागी टोक तोडलं की तिथली हवा आत शिरते, आणि पुन्हा तोंड बंद. जुरा पर्वताच्या पायथ्याच्या मोकळ्या भागात 20 पैकी 8 चंबू नासले. साडेआठशे मीटर उंचीवर 20 पैकी 5. आल्प्समधल्या मेर द ग्लास हिमनदीवर 20 पैकी फक्त 1.

यातला मला सर्वांत आवडणारा भाग हिमनदीवरच्या पहिल्या दिवसाचा. उन्हात चकाकणाऱ्या बर्फापुढे अल्कोहोलच्या दिव्याची ज्योत दिसेना, वाऱ्याने ती हलत राहिली आणि काच वितळेना. टोकं तोडलेले चंबू तसेच उघडे घेऊन मुक्कामाच्या खोलीवर यावं लागलं, रात्रभर ते तिथल्या धुळीत राहिले. त्यातले जवळजवळ सगळे नासले. पाश्चरने ही फसलेली फेरी लपवली नाही, प्रसिद्ध केली. वरची हवा आणि माणसांच्या वावरातली खोली यांतला फरक या फेरीमुळे आणखी स्पष्ट झाला. निर्जीव द्रव्यातून जीव आपोआप उपजत नाहीत, ते धुळीवर बसून येतात, हे सांगायला त्या उघड्या राहिलेल्या चंबूंनीही मदत केली.

जीवशास्त्राला आज हा धडा पुन्हा लागतो आहे, कारण डीएनएची संख्या वाढवणारी पीसीआरची पद्धत प्रत्येक फेरीत डीएनए दुप्पट करते. तीस फेऱ्यांत एका रेणूचे तत्त्वतः शंभर कोटींहून अधिक. भटका एक रेणू पुरतो. 1994 साली आठ कोटी वर्षांपूर्वीच्या हाडांतून डायनोसॉरचा डीएनए मिळाल्याचं प्रसिद्ध झालं, पुढे तो माणसाचाच असल्याचं दिसून आलं. 1997 साली निअँडरथलच्या हाडातला डीएनए वाचला तेव्हा स्वांते पाबो यांच्या गटाने तोच तपास दुसऱ्या प्रयोगशाळेतही करून घेतला. 2014 मध्ये तर असं दाखवलं गेलं की डीएनए वेगळा काढण्याच्या तयार किटमध्येच जिवाणूंचा डीएनए असतो, आणि नमुन्यात जिवाणू जितके कमी तितका किटचाच आवाज मोठा. गर्भाच्या वारेत स्वतःचे असे जिवाणू राहतात या दाव्याची 2019 साली ब्लँकसकट कसून तपासणी झाली आणि सापडलेल्यांपैकी बहुतेक जिवाणू किटमधले किंवा प्रसूतीच्या वेळी आलेले ठरले.

रविवार, उशिरा

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली. बहुतेक शोधनिबंधांत ब्लँकबद्दल एकच ओळ असते: "ब्लँकची किंमत वजा केली आहे." किती होती, किती हलत होती, कुठल्या टप्प्यावरची होती, काही नाही. हे मला पटत नाही. किटमधल्या जिवाणूंची यादी हाती आली तेव्हा जुने निष्कर्ष तपासून बघता आले ते ज्यांनी आपले कोरे नमुने वाचून जपले होते त्यांचेच. बाकीच्यांच्या बाबतीत फक्त शंका घेता येते.

या वेळच्या नदीच्या आकड्यांसोबत पुरवणीत ब्लँकचा पूर्ण तक्ता द्यायचा असं ठरवलं आहे: प्रवासाची बाटली, काठावर उघडलेली, प्रयोगशाळेतली, प्रत्येक धातूसाठी वेगळी, तारीख आणि गाळणीच्या खोक्याच्या क्रमांकासह. गाळणीचा तोच माल दुसऱ्या कुणी वापरला असेल आणि त्यांचं जस्त विनाकारण वर जात असेल, तर त्यांना तो तक्ता लगेच उपयोगी पडेल.