फारांग म्हातारे आणि आमचा नेरूळचा कट्टा

परवा संध्याकाळी बाबांना घेऊन ज्वेलला गेले होते, आपलं नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, एक राऊंड मारून बाबा त्यांच्या कट्ट्यावर बसले तर तिथं एक काका मोबाईलवरचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवत होते, थायलंडला जाऊन राहिलेल्या गोऱ्या म्हाताऱ्यांना तिथले लोक कसे लुटतात त्याचा. सगळे अरेरे करत होते. मी तिथं काही बोलले नाही पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच, कारण मी स्वतः अकरा महिने ऑफिसच्या कामासाठी थायलंडमधल्या श्रीराचाला राहिलेय आणि मी जे बघितलं ते असं नव्हतं.

आमच्या गल्लीत एक इंग्लंडचे रिटायर्ड गृहस्थ राहायचे, पंचाहत्तरीचे, बायको ईसानकडची, म्हणजे ईशान्य थायलंडची, सासूबाईपण सोबत. गल्ली त्यांना लुंग म्हणायची. लुंग म्हणजे आईवडिलांपेक्षा मोठा काका, तिकडे अनोळखी माणसालाही वयावरून नातं लावूनच हाक मारतात, अगदी आपल्यासारखं. पोरं जाता येता हात जोडून वाय, म्हणजे तिकडचा नमस्कार, करायची, नूडल्सवाली बाई न सांगता त्यांच्या वाटीत तिखट कमी टाकायची, आणि भर दुपारी ते स्कूटरवर दिसले की ओरडा त्यांच्या बायकोला खायला लागायचा! फारांग म्हणजे गोरा परदेशी, हा शब्दही शिवी नाहीये, आपला फिरंगी आणि तो एकाच मुळातून आलेत.

आता पैशाचं. त्यांचे पट्टायाचे गोरे मित्र म्हणायचे की तू चालतंफिरतं एटीएम आहेस, मेव्हणीच्या पोराची फी तू भरतोस, सासूच्या गावच्या घराचं छप्पर तू घातलंस. मला हे ऐकून खरंच वाईट वाटायचं. थायलंडमध्ये सरकारकडून म्हाताऱ्यांना महिन्याला मिळतात साठीत ६०० बाट आणि नव्वदी ओलांडल्यावर १०००, बास, मग आईने जगायचं कशावर, तर मुलांवर, आणि मुलीने पेन्शनवाल्या माणसाशी लग्न केलंय तर तो जावई आहे ना घरचा. आपल्याकडे नेरूळचा मुलगा गावच्या घराला पत्रे घालायला पैसे पाठवतो तेव्हा त्याला कोणी लुटलं म्हणत नाही.

फसवणूक होतच नाही असं मी म्हणत नाहीये. परदेशी माणसाच्या नावावर तिथं जमीन होत नाही, फ्लॅट घेता येतो पण तोही बिल्डिंगच्या ४९ टक्क्यांच्या आत, त्यामुळे बंगला बायकोच्या नावावर करतात आणि मग बिनसलं की म्हातारा रस्त्यावर, असे किस्से पट्टायाला मीही ऐकलेत. पण हे सगळं गल्लीतल्या लोकांच्या डोक्यावर फोडणं बरोबर नाही, कारण ह्या गोऱ्या म्हाताऱ्यांना खरं पाहुणं करून ठेवलंय कायद्याने. रिटायरमेंटवर राहायचं तर बँकेत ८ लाख बाट नाहीतर महिन्याला ६५ हजारांचं उत्पन्न दाखवायचं, दरवर्षी मुदत वाढवून घ्यायची, दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, लुंगसारखी तिथं चौदा वर्षं झाली तरी. थाई लोकांची ३० बाटवाली सरकारी उपचार योजना त्यांना नाही. खाओ याईच्या जंगलात थाई माणसाला ४० बाट तिकीट, ह्यांना ४००.

आणि सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट तर त्यांच्या स्वतःच्या देशाची. थायलंडला राहायला गेलेल्या माणसाची सरकारी पेन्शन ब्रिटन दरवर्षी वाढवत नाही, गोठवूनच ठेवतं. म्हणजे मायदेशात राहिलेल्याची वाढत जाते आणि ह्यांची चौदा वर्षं तेवढीच, महागाई मात्र थांबलेली नाही. कट्ट्यावरच्या त्या व्हिडिओत हे होतं का? नव्हतं.

एक गोष्ट मला त्यांचीही पटली नाही, इतकी वर्षं राहून थाई शिकले नाहीत. मान मिळायचा पण गप्पा नाही. संध्याकाळी बायका दारात बसून हसायच्या तेव्हा हे शेजारी खुर्चीत नुसतेच बसलेले असायचे आणि मला ते बघवायचं नाही.

सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, १३ एप्रिलला, गल्लीतले म्हातारे ओळीनं खुर्च्यांवर बसवले होते, तरुण मंडळी गुडघे टेकून त्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालतात आणि आशीर्वाद घेतात. सासूबाईंच्या बाजूला लुंगची खुर्ची. त्यांना थाई आशीर्वाद येत नव्हता म्हणून ते इंग्रजीतच काहीतरी लांबलचक बोलत राहिले, हात थरथरत होते, आणि पोरांना एक अक्षर कळत नव्हतं तरी ती त्यांचं बोलून होईपर्यंत मान खाली घालून बसून राहिली.

हे सगळं त्या रात्री जेवताना बाबांना सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं, मग त्यांचं तिकडे करतं कोण. म्हटलं बाबा, ज्याची फी भरली ना तोच मेव्हणीचा मुलगा, आता कामाला लागलाय, दर नव्वद दिवसांनी रजा काढून त्यांना स्कूटरवर मागे बसवून इमिग्रेशनला नेतो आणि फॉर्म तोच भरतो.