‘टेकऑफ’ हा शब्द केव्हा उच्चारायचा

वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांचे रेडिओवरचे बोलणे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कोरडे आणि साचेबंद वाटते. त्या साच्यातल्या कित्येक शब्दांची जागा मात्र मोठ्या अपघातांच्या चौकशीनंतर ठरली आहे, आणि म्हणूनच मला ही परिभाषा मनापासून आदरणीय वाटते.

‘टेकऑफ’ या शब्दाचेच पाहा. उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा दिलेली परवानगी रद्द करतानाच नियंत्रक तो वापरतो, आणि वैमानिकही ती सूचना परत म्हणून दाखवतानाच तो उच्चारतो. एरवी सगळीकडे ‘डिपार्चर’ म्हणायचे. विमान धावपट्टीच्या तोंडाशी पूर्ण तयारीत उभे असले, तरी वैमानिक ‘रेडी फॉर डिपार्चर’ एवढेच कळवतो.

या काटेकोरपणामागे 27 मार्च 1977 चा दिवस आहे. कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या लोस रोदेओस विमानतळावर त्या दुपारी दाट धुके होते. केएलएम या डच कंपनीचे बोइंग 747 धावपट्टीच्या टोकाला उभे होते आणि पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचे दुसरे 747 त्याच धावपट्टीवरून टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून हळू चालत, पुढे येत होते. नियंत्रकाने केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला, आणि त्या सूचनेतच ‘टेकऑफ’ हा शब्द आला. सहवैमानिकाने ती सूचना परत म्हणून दाखवली आणि शेवटी ‘वी आर नाऊ ॲट टेकऑफ’ असे जोडले. विमान उड्डाणाच्या जागी थांबले आहे, असा अर्थ नियंत्रकाने घेतला. प्रत्यक्षात ते धावू लागले होते. नियंत्रक ‘ओके’ म्हणाला आणि क्षणभराने, उड्डाणासाठी थांबा, मी सांगतो, असेही म्हणाला. परंतु त्याच क्षणी पॅन ॲमचा वैमानिक आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे सांगत होता, आणि दोन्ही संदेश एकमेकांवर आदळल्यामुळे केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’नंतर प्रामुख्याने कर्कश आवाजच पोहोचला. त्या टकरीत 583 माणसे गेली. ‘ओके’ या शब्दाने नक्की कशाला होकार दिला हे ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही, आणि माझ्या मते त्या संभाषणातला सर्वांत घातक शब्द तोच होता.

‘रॉजर’चा अर्थही ‘हो’ असा नाही. तुमचा संदेश पूर्ण ऐकला, एवढाच आहे. होकारासाठी ‘अफर्म’ आणि सूचनेप्रमाणे करतो हे सांगण्यासाठी ‘विल्को’ आहे. उंची, धावपट्टी आणि परवानगी यांच्या बाबतीत मात्र यांपैकी एकही शब्द पुरत नाही. तिथे सूचनाच परत म्हणून दाखवावी लागते, आणि ती नीट ऐकून चूक दुरुस्त करणे हे नियंत्रकाचे काम असते. 1989 मध्ये क्वालालंपूरजवळ एका मालवाहू 747 ला 2,400 फुटांवर उतरण्यासाठी ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’ असे सांगण्यात आले. त्यातला दोनचा आकडा वैमानिकांनी ‘पर्यंत’ या अर्थाचा ‘टू’ समजून 400 फूट असा अर्थ घेतला आणि ‘फोर झीरो झीरो’ असेच परत म्हटले. ते दुरुस्त झाले नाही, विमान टेकडीवर आदळले आणि चारही कर्मचारी मरण पावले.

परत म्हणण्याचीही मर्यादा आहे, आणि ती आपल्याच देशात दिसली. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरयाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे बोइंग 747 आणि कझाकस्तानचे इल्युशिन 76 आकाशात एकमेकांवर आदळले. 349 जणांपैकी कोणीही वाचले नाही. कझाक विमानाला 15,000 फुटांवर राहण्याची सूचना होती आणि सौदी विमान 14,000 फुटांवर होते. कझाक विमानात मात्र नियंत्रकाशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे होते. रेडिओवर 15,000 चा आकडा पोहोचलेला असतानाही विमान त्याखाली उतरत गेले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीने ठपका या खाली उतरण्यावरच ठेवला. त्यानंतर भारतीय आकाशातील मोठ्या प्रवासी विमानांना टक्कर टाळणारी टीकॅस ही यंत्रणा सक्तीची झाली. तिने वर किंवा खाली जाण्याचा आदेश (‘रिझोल्यूशन ॲडव्हायजरी’, म्हणजेच आर ए) दिला की वैमानिक ‘टीकॅस आर ए’ एवढेच कळवतो, आणि तो ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ म्हणेपर्यंत नियंत्रकाने त्याची उंची किंवा दिशा बदलणारी कोणतीही सूचना द्यायची नसते.