चिंचोक्यांचे ढीग

वैशाखातल्या दुपारी नव्या चिंचेचे चिंचोके ओसरीवर वाळत पडले होते. त्यांतले आठ उचलून मी सवयीने ढीग लावले: पाच, दोन, एक. कोणतेही दोन ढीग सारखे नकोत, ही माझी जुनी खोड. आठवडी बाजारात कांद्याचे एकसारखे वाटे मांडलेले दिसले, तरी इकडचा एक कांदा तिकडे सरकवायला माझा हात शिवशिवतो.

खोड लावली आबाजींनी. उन्हाळ्याच्या सुट्टीत चुलतबहीण आणि मी घर डोक्यावर घेतले, की ते दोघींपुढे आठ-आठ चिंचोके टाकत. मला अट अशी, की सारखे दोन ढीग लावायचे नाहीत. तिला अशी, की ढीग सारखे असले तरी चालतील, पण प्रत्येकात विषमच चिंचोके हवेत. "कोनाचे प्रकार जास्त होते ते पाहू, बाप्पा," एवढे बोलून ते आडवे होत. माझे सहा प्रकार होत आणि तिचेही सहाच. मग कोणी कोणाचे पाहून लावले, यावरून झोंबाझोंबी होई आणि आबाजींची झोप जाई ती जाईच.

ही बरोबरी कोणत्याही संख्येला लागू आहे, हे गणितज्ञ ऑयलरने १७४८ साली छापलेल्या ग्रंथात दाखवले होते, असे मला कॉलेजात कळले. कारण मात्र अंगणातच सापडण्याजोगे होते. तिच्या मांडणीतले सारखे दोन ढीग एकत्र करायचे आणि सारखे ढीग उरेनासे होईपर्यंत तेच करत राहायचे: तीन, तीन, एक, एक यांचे सहा आणि दोन होतात, म्हणजे माझीच मांडणी. उलट माझे सम ढीग विषम होईपर्यंत निम्मे करत गेले, की तिची मांडणी परत येते. आबाजींनी आठच चिंचोके दिले, हेही बरे. शंभर देऊन काहीच अट घातली नसती, तर १९,०५,६९,२९२ प्रकार झाले असते.

पुढे ग्लेशर या इंग्रज गणितज्ञाने १८८३ साली ही अट सैल करून पाहिली. सारखे ढीग दोनपर्यंत चालतील, तिसरा नको, एवढी सूट मला दिली, तर तिच्या अटीत विषमाऐवजी 'तिनाने भाग न जाणारे' एवढाच बदल करावा लागतो, आणि आठ चिंचोक्यांचे दोन्हीकडे तेरा प्रकार होतात. चार-चार ही मांडणी त्या तेरांत येते. आमच्या सहांत ती एकीकडेही नव्हती.

आबाजींचे वावर आठ एकर होते. ते गेल्यावर बाबांनी आणि काकांनी ते चार-चार केले, मधल्या धुऱ्यावर दगड रोवले आणि त्याच वर्षी अंगणातही भिंत घातली. चिंचेचे झाड काकांकडे गेले. भिंतीच्या इकडे पडतील तेवढ्या चिंचा आमच्या.