डिमर बंद पडला त्या दिवशी

नाटकांना प्रकाशयोजनेचे साहित्य भाड्याने पुरवणे आणि वेळ पडल्यास प्रकाशयोजनाही करणे हा माझा व्यवसाय आहे. पाऊस स्थिरावला, की पुण्यात महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांचा हंगाम सुरू होतो आणि आमच्या गोदामातले स्पॉट, स्टँड आणि केबलींची भेंडोळी यांना उसंत मिळत नाही. १९६३ साली सुरू झालेला पुरुषोत्तम करंडक हा या हंगामाचा मानबिंदू. भरत नाट्य मंदिराच्या आवारात ‘अरे आव्वाज कुणाचा’ ही आरोळी कधी ऐकलीच नाही, असा नाटकवाला पुण्यात सापडणे अवघड आहे. त्याच्या आगेमागे लहानमोठ्या अनेक स्पर्धा होतात. त्यांपैकी एकीच्या प्राथमिक फेरीतला हा अनुभव आहे.

तरुण मुले नाटकासाठी एवढी वेडी का होतात, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असते: मालिकेत काम मिळेल, चेहरा दिसेल, नाव होईल. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते रंगमंचावर दिसणाऱ्या चार-पाच जणांपुरते आहे. संघात माणसे वीस-पंचवीस असतात. विंगेत अंधारात बादली धरून उभा राहणारा, पडद्याची दोरी ओढणारा, ध्वनिमुद्रित संगीताच्या यंत्राजवळ बसून घामाघूम होणारा, यांचा चेहरा कोणालाच दिसणार नसतो आणि तरीही तालमीला सर्वांत आधी हीच मुले आलेली असतात. त्यांचे काय, याचे उत्तर मला त्या दिवशी बऱ्याच अंशी मिळाले.

सकाळच्या सत्रात एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाचा संघ होता. ही मंडळी रात्रभर टेम्पोतून प्रवास करून पहाटे पोहोचली होती. नेपथ्य म्हणजे पत्र्याची पाच-सहा पिंपे, बांबूचे कुंपण आणि एक मोडकी सायकल. एकांकिका पाण्याच्या टँकरची वाट पाहत रात्रभर रांगेत बसलेल्या माणसांची होती. तिचा सगळा डोलारा मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत हळूहळू बदलत जाणाऱ्या प्रकाशावर उभा होता. प्रकाशयोजनेसाठी आलेली मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने खरा डिमर बोर्ड, म्हणजे दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारे यंत्र, यापूर्वी कधी पाहिलेला नव्हता.

हे मला कळले ते तिच्या हातातल्या पुठ्ठ्यावरून. साडीच्या खोक्याचा तो पुठ्ठा होता. त्याला ब्लेडने बारा उभ्या फटी पाडल्या होत्या आणि प्रत्येक फटीत दोऱ्याने ओवलेले शर्टाचे एकेक बटण वर-खाली सरकत होते. फटींच्या कडेला शून्य ते दहा आकडे होते आणि खाली बारीक अक्षरांत ‘मागचा पिवळा’, ‘डावी विंग’, ‘पिंपावरचा’ अशी नावे लिहिली होती. गावातल्या सभागृहात ट्यूबलाइटच्या उजेडात तालमी व्हायच्या आणि ही मुलगी कोपऱ्यात बसून संवादांबरोबर बटणे सरकवायची. प्रकाश कोणालाच दिसत नव्हता. तरी दिग्दर्शक तिला ‘चार सेकंद उशीर झाला’ म्हणून रागवायचा आणि तेही सगळ्यांना रास्त वाटायचे. एका वरिष्ठ रंगकर्म्याकडून बोर्डाचे छायाचित्र मागवून तिने हा पुठ्ठा तयार केला होता. मला राहवले नाही. मी तो हातात घेऊन बटणे सरकवून पाहिली. ती माझ्या काही बोर्डांपेक्षा सुरळीत चालत होती.

स्पर्धेचा नियम असा, की साहित्य पुरवणाऱ्याने जोडणी करून द्यावी, धोक्याच्या गोष्टी सांगाव्यात आणि प्रयोग सुरू झाल्यावर बोर्डाला हात लावू नये. नियम योग्यच आहे. मी तिला एवढेच सांगितले, की हॅलोजनचा दिवा निम्म्याहून खाली आणला, की त्याचा प्रकाश केवळ मंद होत नाही, तो तांबूसही होतो. पहाट हवी असेल तर दिव्यापुढे रंगीत जिलेटीन लावायची गरज नाही, मागचे दिवे तीनवर ठेव. तिने ते लगेच वहीत टिपले आणि जिलेटीनचा तुकडा परत दिला.

प्रयोग सुरू झाला. पहिली पंधरा-वीस मिनिटे सुरेख गेली. मग मुख्य प्रवेश आला. रांगेतला म्हातारा पिंपावर बसून बोलत असताना त्याच्या पाठीमागून उजाडायचे होते. तिने मागच्या दिव्यांचे चॅनल, म्हणजे बोर्डावरची त्यांची सरकपट्टी, वर घेतले आणि काहीच झाले नाही. हजार वॅटचे दोन दिवे असलेला डिमरचा तो भागच बंद पडला होता. दोष यंत्राचा होता, म्हणजे माझ्या साहित्याचा. जोडणी नंतर तपासली तेव्हा ती चोख निघाली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो आणि नियमाने मला काहीही करता येत नव्हते.

तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते चॅनल एकदा खाली आणून पुन्हा वर घेतले, खात्री केली आणि ते सोडून दिले. नंतर डाव्या विंगेतला आडवा दिवा अगदी सावकाश, श्वास रोखून वर काढायला सुरुवात केली. अडचण अशी, की तो दिवा म्हाताऱ्याच्या जागेपर्यंत पोहोचत नव्हता. आणि तेवढ्यात म्हातारा उठला. काठी टेकत, संवाद न तोडता, तो तीन पावले डावीकडे सरकला आणि प्रकाश त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर आला. रांगेतल्या इतर पात्रांनी माना त्याच्याकडे वळवल्या, जणू तालमीपासून हेच ठरलेले होते. परीक्षकांच्या लक्षात काही आल्याचे दिसले नाही. प्रेक्षागृहात दुसऱ्या महाविद्यालयांची मुले होती. प्रतिस्पर्धी संघाचा प्रयोग पडावा अशी छुपी इच्छा असणारी. तीही गप्प होती. मी इतकी वर्षे या धंद्यात आहे, पण स्पर्धेत इतकी चांगली पहाट फार थोड्या वेळा पाहिली आहे.

प्रयोगानंतर म्हाताऱ्याचे काम करणाऱ्या मुलाला मी विचारले, “तुला कसं कळलं?” पांढऱ्या मिशा उतरवत तो म्हणाला, “सर, त्या वाक्याला मानेवर गरम लागायला पाहिजे. सकाळी तांत्रिक तालमीत लागलं होतं. आता लागलं नाही, म्हणजे दिवा गेला. मग हिनं डावीकडून काढलाच असणार.”

या ‘काढलाच असणार’वर माझे सगळे म्हणणे उभे आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांवर आपण कोणती खरी जबाबदारी टाकतो? घरात निर्णय मोठ्यांचे. वर्गात प्रश्नही ठरलेले आणि उत्तरेही ठरलेली. त्या मुलीनेच मला पुढे चहा घेताना सांगितले, “लॅबमध्ये रीडिंग काय यायला पाहिजे ते आधीच्या वर्षीच्या जर्नलमध्ये असतंच, सर. चुकलं तरी काही बिघडत नाही. इथं माझं चुकलं, की सगळ्यांचं बिघडतं.” तिचा स्वर तक्रारीचा नव्हता, चक्क अभिमानाचा होता. आपल्यावाचून अडते आणि आपल्यावर कोणीतरी डोळे झाकून विसंबले आहे, हा अनुभव त्या वयात दुसरीकडे क्वचितच मिळतो. तो एकदा मिळाला, की मुले तहानभूक विसरतात आणि घरचे म्हणतात, पोराला नाटकाचे खूळ लागले.

सगळीच मुले अशी असतात, असे मी म्हणणार नाही. कोणाला हजेरीतून सवलत हवी असते, कोणाला तालमीला येणाऱ्या एखाद्या व्यक्तीचा सहवास. स्पर्धांचेही दोष आहेत. शेवटी धक्का द्यायचाच म्हणून दिलेले धक्के आणि कानठळ्या बसवणारे संगीत यांना मी कंटाळलो आहे. परंतु करंडक हेच खरे आकर्षण असते, तर २०२२ साली परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कोणत्याच संघाला दिला नाही तेव्हा मुलांनी पाठ फिरवायला हवी होती. वाद भरपूर झाला, आणि पुढच्या वर्षी संघ पुन्हा तालमींना लागले.

त्या संघाची अंतिम फेरीसाठी निवड झाली नाही. प्रकाशयोजनेच्या पारितोषिकातही त्या मुलीचे नाव नव्हते, आणि जे घडले ते कोणाच्या लक्षातच आले नसल्यामुळे त्याबद्दल तक्रार करण्यालाही अर्थ नव्हता. मुले निकालानंतर थोडा वेळ खट्टू झाली, आणि मग पिंपे टेम्पोत चढवता चढवता पुढच्या वर्षीच्या संहितेवरून कडाक्याने भांडू लागली.

टेम्पो त्या मुलीच्या वडिलांचा होता आणि चालवतही तेच होते. प्रयोग त्यांनी मागच्या रांगेत बसून पाहिला होता. दोर आवळून झाल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “साहेब, खरं सांगा. यात पुढं काय आहे?”

डॉ. श्रीराम लागूंनी १९६९ साली कान-नाक-घशाची चालती प्रॅक्टिस सोडून नाटक पत्करले, हे उदाहरण अशा वेळी हमखास दिले जाते. मी ते दिले नाही. हाताशी डॉक्टरकी असलेल्या माणसाची गोष्ट टेम्पोचे हप्ते फेडणाऱ्या बापाला काय उपयोगाची? मी सरळ सांगितले, की प्रकाशयोजनेवर घर चालवणारी माणसे मोजकी आहेत, काम हंगामी आहे, पैसे उशिरा येतात आणि मुलीला रात्री-अपरात्री परतावे लागते. पदवी पूर्ण करू द्या. त्यानंतरही तिला यायचे असेल, तर माझ्याकडे काम शिकायला पाठवा. शिकताना प्रवासखर्च मी देईन, पगाराचे आश्वासन देणार नाही.

त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मुलगी टेम्पोत केबलींची भेंडोळी मोजून वहीत खुणा करत होती आणि ‘एक कमी आहे’ म्हणून ओरडत होती.

“तिसऱ्या वर्षाला तरी थांबेल असं वाटलं होतं,” ते म्हणाले. “म्हणजे पुढच्या वर्षीही टेम्पो माझाच लागणार. डिझेल तरी कॉलेज देईल का, एवढं विचारून ठेवतो.”