आमची वाटचाल : शेवटची फाइल किती वाजताची?

आमचं दुकान गाड्यांच्या वायरिंगचं. सुरुवातीची कामं म्हणजे कारटेप, स्पीकर, सेंट्रल लॉक, हॉर्नचा रिले आणि रिव्हर्सचे सेन्सर. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना रिव्हर्स सेन्सर कंपनीतूनच बसून येणं बंधनकारक झालं आणि ते काम हळूहळू आटलं. त्याची जागा डॅशकॅमने, म्हणजे काचेवरून रस्ता रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्याने घेतली. आधी कॅमेरा काचेला चिकटवायचा आणि वायर लपवत लायटरच्या सॉकेटपर्यंत आणायची, एवढंच काम होतं. पुढे मागणी बदलली. गाडी रात्रभर सोसायटीबाहेर रस्त्यावर उभी असते, कुणीतरी घासून जातं, आरसा मोडून जातं. तेव्हा गाडी बंद असतानाही कॅमेरा चालू राहिला पाहिजे. म्हणजे हार्डवायर किट (कॅमेऱ्याला सॉकेटऐवजी फ्यूज बॉक्समधून वीज देणारी डबी आणि वायरी) आणि पार्किंग मोड (गाडी उभी असतानाचं रेकॉर्डिंग). या एका मागणीने आमच्या कामाची पद्धत बदलली, कारण फिटिंग दोन तासांत होतं आणि तक्रार तीन आठवड्यांनी येते.

तक्रारी दोनच असतात. एक, ‘रात्रीचं रेकॉर्डिंग सापडत नाही’. दुसरी, ‘सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक्‌टक्‌ वाजतं’. दोन्हींसाठी कॅमेऱ्याला दोष दिला जातो आणि कॅमेरा बदलूनही तक्रार तशीच राहते. आमच्या अनुभवात दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्यात नसतो. करंट कुठून घेतला, अर्थ (करंट परत जाण्यासाठी गाडीच्या पत्र्याला दिलेला जोड) कुठे दिला आणि बॅटरीत किती जीव आहे, या तीन ठिकाणी तो असतो.

किटला तीन वायरी असतात. एक कायमच्या करंटची, एक किल्लीच्या करंटची म्हणजे एसीसीची, आणि काळी अर्थची. बहुतेक किटमध्ये कायमची पिवळी आणि एसीसीची लाल असते, कारटेपच्या वायरिंगसारखीच. पण काही किटमध्ये हे रंग नेमके उलटे असतात. म्हणून आम्ही रंगावर जात नाही, वायरीवरची चिठ्ठी वाचतो. कॅमेऱ्याला वीज कायमच्या वायरीतून मिळते. एसीसीची वायर फक्त खबर देते की किल्ली चालू आहे की बंद. हे डोक्यात पक्कं असलं की लक्षणं आपोआप उलगडतात. किल्ली काढताक्षणी कॅमेरा विझत असेल, तर दोन वायरींची अदलाबदल झाली आहे किंवा दोन्ही किल्लीच्या फ्यूजवर गेल्या आहेत. कॅमेरा पार्किंग मोडमध्ये जातच नसेल, रात्रभर साधंच रेकॉर्डिंग करत असेल, तर दोन्ही वायरी कायमच्या करंटवर आहेत. आणि दोन वायरींचं स्वस्त किट किंवा साधी यूएसबी केबल लावली असेल, तर कॅमेऱ्याला खबर मिळण्याची सोयच नाही. एका कंपनीचं किट दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला प्लग बसतो म्हणून लावू नये, तेही याच कारणाने: खबर प्लगच्या कोणत्या पिनवर जाते हे प्रत्येकाचं वेगळं असतं. कॅमेरा चालू होतो, पार्किंग मोड होत नाही.

फ्यूज निवडताना सगळ्यात जास्त चूक होते. मल्टिमीटर लावला, बारा व्होल्ट दिसले, फ्यूज पक्का केला, असं आम्हीही केलं आहे. पण आजच्या बऱ्याच गाड्यांत आतल्या दिव्यांचा वगैरे फ्यूज ‘कायमचा’ वाटतो आणि गाडी लॉक केल्यावर दहा मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने, बॅटरी वाचवण्यासाठी गाडीच तो बंद करते. दार उघडून तपासायला जावं तर दार उघडल्यामुळे तो परत जिवंत होतो आणि सगळं ठीक दिसतं. हा दोष पकडायची रीत अशी. चालकाचं दार उघडं ठेवून दाराच्या कडेचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरने ढकलून बंद करायचं, म्हणजे गाडीला दार लागलं असं वाटतं. मग किल्लीने गाडी लॉक करायची, पाऊण तास थांबायचं आणि नंतर फ्यूजवर व्होल्टेज मोजायचं. तेव्हाही बारा व्होल्ट असतील तरच तो फ्यूज कायमचा. काम झाल्यावर गाडी अनलॉक करून हँडल ओढून लॅच मोकळं करायला विसरू नये. तसंच दार आपटलं तर लॅच वाकतं.

हॅझर्ड दिव्यांचा फ्यूज बऱ्याचदा खरोखर कायमचा निघतो. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा ईसीयू (कॉम्प्युटर) आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंग यांच्या फ्यूजला आम्ही हात लावत नाही, कितीही सोयीचा दिसला तरी. एसीसीसाठी सॉकेटचा किंवा वायपरचा फ्यूज चालतो, मात्र काही गाड्यांत सॉकेटला किल्ली काढल्यावरही करंट असतो. काही गाड्यांत दार उघडेपर्यंत एसीसी चालूच राहतं. मग कॅमेरा उशिरा पार्किंग मोडमध्ये जातो. तो दोष नव्हे.

फ्यूज टॅप म्हणजे मूळ फ्यूजच्या जागी बसणारा जोड; त्यात मूळ फ्यूज आणि किटचा फ्यूज असे दोन बसतात. तो लावताना त्याचे पाय उलटसुलट होतात. टॅपमधले दोन्ही फ्यूज काढून मल्टिमीटर बझरवर ठेवायचा. ज्या पायाचा दोन्ही खाचांशी आवाज येतो, तो सामाईक पाय. मूळ फ्यूज काढल्यावर बॉक्सच्या ज्या खाचेत करंट आहे, त्या खाचेत हा पाय गेला पाहिजे. उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, म्हणून चूक लक्षात येत नाही; पण कॅमेऱ्याचा भार मूळ फ्यूजवर पडतो आणि तो फ्यूज गेला की कॅमेराही जातो. किटसाठी ३ अँपिअरचा जांभळा फ्यूज पुरतो. १० चा लाल हाताशी आहे म्हणून तो लावला, तर पातळ वायर आधी तापेल आणि फ्यूज शांत बसेल. टॅपचा आकारही बघावा: मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो-२ हे दिसायला जवळचे, पण जबरदस्तीने घुसवलं की फ्यूज बॉक्सची खाच कायमची सैल होते.

अर्थबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. डॅशबोर्डखालचा दिसेल तो बोल्ट काळ्या वायरीसाठी वापरला जातो. तो बोल्ट प्लास्टिकच्या ब्रॅकेटचा असतो, किंवा त्याच्याखाली रंगाचा थर असतो. कॅमेरा चालतो, पण मधे थोडं व्होल्टेज खाल्लं जातं. बॅटरीचं व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याला, म्हणजे कट-ऑफला आलं की किट कॅमेरा बंद करतं; पण ते व्होल्टेज बॅटरीवर मोजत नाही, स्वतःच्या वायरींच्या टोकाशी मोजतं. अर्थमध्ये ०.२ व्होल्ट पडले तर बॅटरीवर १२.२ असताना किटला १२.० दिसतात आणि ते कॅमेरा बंद करतं. म्हणून कॅमेरा रेकॉर्ड करत असताना मल्टिमीटरची एक पिन काळ्या वायरीच्या थिंबलला (टोकाच्या धातूच्या कडीला) आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून बघायचं. ०.१ व्होल्टच्या आत पाहिजे. जास्त असेल तर बोल्ट बदलायचा किंवा खालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडायचा, थिंबल नीट क्रिंप करून घट्ट आवळायचं. कोकणातल्या गाड्यांना वरून थोडं ग्रीस लावतो. तिथल्या खाऱ्या, दमट हवेत खरवडलेला पत्रा लवकर गंजतो.

किटवर कट-ऑफचा स्विच असतो: ११.८, १२.०, १२.२, १२.४ असे काहीतरी टप्पे. स्थिर राहिलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं ढोबळ गणित असं की १२.६ च्या वर पूर्ण भरलेली, १२.४ ला पाऊण, १२.२ ला निम्मी, १२.० ला पाव आणि ११.८ ला जवळजवळ संपलेली. गाडीची बॅटरी सेल्फ मारण्यासाठी बनवलेली असते, खोलवर उतरवण्यासाठी नाही. तरी जास्त तास मिळतात म्हणून लोक ११.८ निवडतात. आम्ही १२.२ वर ठेवून देतो आणि गाडी रोज चालत नसेल तर १२.४ वर. शिवाय किटवर छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष आकडा यांत ०.१-०.२ व्होल्टचा फरक निघतो. म्हणून प्रत्येक किट बसवण्याआधी टेबलावर बदलत्या व्होल्टेजच्या सप्लायला जोडतो, १२.८ पासून ०.१ ने खाली येतो, प्रत्येक पायरीवर मिनिटभर थांबतो. जिथे कॅमेरा विझतो तो आकडा मास्किंग टेपवर लिहून टेप किटच्या डबीला चिकटवतो. वर्षभराने तक्रार आली की डॅशबोर्डखाली हात घालून आधी ती टेप वाचतो.

तक्रारीची गाडी आली की आता पहिला प्रश्न हाच असतो: शेवटची फाइल किती वाजताची आहे? कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना, हे आधी बघायचं. मग चार-पाच रात्रींच्या शेवटच्या फाइलच्या वेळा कागदावर एकाखाली एक लिहायच्या. रोज गाडी लॉक केल्यावर ठरावीक दहा ते तीस मिनिटांनी रेकॉर्डिंग थांबतंय, तर तो आधी सांगितलेला खोटा ‘कायमचा’ फ्यूज. बरोबर ६, १२ किंवा २४ तासांनी थांबतंय, तर कॅमेऱ्याच्या मेनूतला पार्किंगचा टायमर. भर दुपारीच थांबतंय आणि संध्याकाळी परत नीट चालतंय, तर उष्णता. आणि आधी बारा तास, मग आठ, मग चार असं आक्रसत चाललंय, तर बॅटरी.

या शेवटच्या प्रकाराचं गणित आम्ही काउंटरवर करून दाखवतो. छोट्या हॅचबॅकला बहुधा ३८बी२०एल, म्हणजे ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. पुढचा-मागचा मिळून कॅमेरा सतत रेकॉर्ड करताना बारा व्होल्टवर साधारण ०.४ अँपिअर घेतो. बारा तासांचे झाले जवळपास ५ अँपिअर-अवर. सकाळी ट्रॅफिकमधून, एसी लावून, वीस मिनिटांचा प्रवास. बॅटरीत सरासरी १० अँपिअर गेले असं धरलं तरी भरले सव्वातीनच. संध्याकाळच्या परतीत उरलेलं भरतं, पण ऑफिसच्या पार्किंगमध्येही कॅमेरा दिवसभर चालूच असतो. रोज थोडी थोडी तूट साठते आणि पंधरा-वीस दिवसांत बॅटरी कायमची अर्धवट भरलेली राहू लागते. अशी ठेवलेली बॅटरी सल्फेट धरते, तिची क्षमता आणखी घटते. म्हणूनच तक्रार तिसऱ्या आठवड्यात येते. उपाय साधा आहे: ऑफिसच्या आवारात पार्किंग मोड बंद ठेवा किंवा फक्त धक्का लागल्यावर जागा होणारा मोड लावा, आणि रात्रीसाठी कमी बिटरेट (हलक्या दर्जाचं रेकॉर्डिंग) किंवा टाइम-लॅप्स (थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र). रविवारी तासभर सलग गाडी चालवा. बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर आधी तिची लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी. नवी बॅटरी लागणार असेल तर आम्ही किट विकायच्या आधी तसं स्पष्ट सांगतो, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. बॅटरी मोजताना गाडी बंद केल्या केल्या मोजू नये. तेव्हा वरवरचा चार्ज १२.८ दाखवतो, चार-पाच तासांनी खरा आकडा कळतो.

उष्णतेचं एकच सांगतो. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीत काचेजवळ कॅमेऱ्याला सोसणार नाही इतकं तापतं. आत लिथियम सेल असलेला कॅमेरा फुगतो, म्हणून सेलऐवजी सुपरकपॅसिटर (वीज साठवणारा, उष्णता जास्त सोसणारा भाग) असलेलाच घ्यावा. दुपारचा पार्किंग मोड बंद ठेवावा, रेकॉर्डिंगपेक्षा कॅमेरा महाग आहे.

मेमरी कार्ड हाय-एन्ड्युरन्सचंच, म्हणजे सतत लिहिणं सोसणारंच हवं. साधं कार्ड रोज वीस तास लिहून काही महिन्यांत मरतं आणि मरताना सांगत नाही. दिवा लुकलुकत राहतो, फाइल उघडत नाही. पार्किंगमधल्या धक्क्याची संवेदनशीलता कमीत कमी ठेवावी. जास्त असली तर शेजारून ट्रक गेला, पहाटे गाडी पुसणाऱ्याने दार पुसलं, दिवाळीत लडी लागली, की प्रत्येक वेळी एक लॉक झालेली फाइल तयार होते. अशा फाइलींसाठीची जागा भरली की बरेच कॅमेरे सर्वांत जुनी घटना पुसून नवी लिहितात. खरा ओरखडा सोमवारचा असतो आणि कार्डात मंगळवारच्या फटाक्यांचे आवाज राहतात. महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं, कॉम्प्युटरवर नको.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो. आत जाणारा आणि बाहेर पडणारा करंट तो मोजतो आणि त्यावरून अल्टरनेटर किती चार्ज द्यायचा हे ठरतं. अशा गाडीत किटची अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली, तर कॅमेऱ्याने खाल्लेला करंट सेन्सरला दिसत नाही आणि गाडी बॅटरीला कमी भरते. अर्थ बॉडीलाच द्यायची.

सध्या इलेक्ट्रिक गाड्यांची कामं वाढली आहेत. मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असली, तरी कॅमेरा बसतो तो बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. बऱ्याच गाड्यांत ती फक्त गाडी चालू असताना किंवा चार्जिंगला लावलेली असताना भरते. काही गाड्या ती उभ्या-उभ्याही अधूनमधून भरून घेतात. छोटी बॅटरी उतरली की गाडी ‘रेडी’ होत नाही. म्हणून या गाड्यांना कट-ऑफ १२.४ आणि टायमर सहा तास, असं आम्ही ठरवून टाकलं आहे. नारिंगी, म्हणजे मोठ्या बॅटरीच्या हाय-व्होल्टेज वायरींच्या वाटेला जात नाही. खांबाच्या पॅनेलमधून वायर नेताना पडद्याच्या (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणाऱ्या) एअरबॅगच्या मागून, मूळ लूमला म्हणजे कंपनीच्या वायरींच्या जुडीला टाय मारत नेतो. एअरबॅगच्या पुढून गेलेली वायर दिसली, मग ती कुणीही टाकलेली असो, तर आधी ती काढून परत टाकतो आणि मगच पार्किंग मोडच्या तक्रारीकडे वळतो.