सेंट्रल पार्कमधील मोकळ्या आकाशाखालचे नाट्यगृह

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील डेलाकोर्ट थिएटर १९६२ साली सुरू झाले. परंतु गवताची झीज होते म्हणून प्रेक्षकांकडून पैसे घ्यावेत, हा उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांचा हट्ट, उद्यानात शेक्सपिअरची नाटके विनामूल्य दाखवणारे निर्माते जोसेफ पॅप यांनी १९५९ मध्येच न्यायालयात मोडून काढला होता, आणि माझ्या मते या रंगमंचाचा खरा पाया तोच आहे. सुमारे १,८०० आसनांच्या त्या अर्धवर्तुळात बसले की रंगमंचामागे तळे आणि बेल्व्हेडिअर कासल दिसतो. अंधार पडू लागतो, तशी नटांच्या संवादांत रातकिड्यांची किरकिर मिसळते. सकाळपासून रांगेत चादर अंथरून मिळवलेले ते विनामूल्य तिकीट मी अजून जपून ठेवले आहे. जत्रेतल्या नाटकासाठी दुपारीच घोंगडी टाकून जागा धरणाऱ्या आजीची त्या रांगेत फार आठवण आली.