तळघराचा कोबा

काल दुपारी तळघराच्या जमिनीवर चिकटवलेला प्लास्टिकचा तुकडा उचलला, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला बारीक थेंब साचलेले दिसले. दीड फूट लांबीरुंदीचे प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून दिवसभर तसेच ठेवायचे, ही ओल तपासण्याची जवळजवळ फुकटातली पद्धत आहे, आणि स्वस्तात जमीन रंगवू पाहणाऱ्याचा उत्साह मावळवण्याचीही. वरून कोरडाठाक दिसणारा कोबा खालच्या मातीतली ओल सतत वर ओढत असतो. त्यावर रंगाचा थर दिला की ती अडते, थराखाली पांढरा खार धरतो आणि रंगाचे पोपडे सुटू लागतात.

आमच्या वडिलांनी अशा कुठल्याही तपासणीवाचून तळघर रंगवले होते. दारेखिडक्या रंगवून उरलेले तेलरंगाचे सगळे डबे त्यांनी एका बादलीत रिकामे केले आणि काठीने इतका वेळ ढवळले, की त्यातून ना राखाडी, ना हिरवी, ना तपकिरी अशी एक छटा तयार झाली, जी पुन्हा कधीच तयार करता येणार नव्हती. ओलसर कोब्यातल्या अल्कलीशी तेलरंगाची गाठ पडली की तेलाचा चक्क साबण होतो. त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात जमीन जागोजागी चिकट झाली, मग सोलवटली, आणि दर वेळी नव्या उरल्यासुरल्या रंगाचे ठिगळ लागत गेले. वडिलांना त्याचे काडीचेही वाईट वाटले नाही, कारण खर्च शून्य होता.

मला चकचकीत जमिनीचा मात्र मनापासून कंटाळा आहे. इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव एकत्र करून जमिनीवर द्यायची कडक, चकचकीत राळ, टिकाऊ असते हे मान्य, पण तिचे दोन भाग एकत्र केले की ती डब्यातच घट्ट होऊ लागते, आणि काटकसर करणाऱ्या माणसाला अशी घाई सोसत नाही. त्यापेक्षा कुणीतरी मागवून नाकारलेल्या छटेचा, पण जमिनीसाठीच बनवलेला रंग कमी दरात शोधावा आणि त्याचे पातळ दोन हात द्यावेत. भिंतीचा उरलेला रंग बुटांखाली फार दिवस तग धरत नाही. खरी मेहनत त्याआधीची असते: तेलाचे डाग काढणे, खार खरवडणे, घासणे, धुणे आणि वाळण्याची वाट पाहणे. यातले काहीच विकत घ्यावे लागत नाही, म्हणूनच बहुधा ते टाळले जाते.

वडील कोपऱ्यापासून जिन्याकडे मागे सरकत रंगवायचे आणि मला वरच्या पायरीवर बसवायचे. अधूनमधून त्यांना हाक मारायची, एवढेच माझे काम; त्यांनी ‘ओ’ दिली नाही तर खाली न उतरता आईला बोलवायचे, अशी सक्त ताकीद असे. त्यांना एकट्याने काम करताना करमत नसावे, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. तेलरंगातल्या द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खिडकी नसलेल्या तळघरात ती तळाशीच साचून राहते, हे पुष्कळ उशिरा वाचनात आले. रंगाच्या बाबतीत निष्काळजी असलेल्या या माणसाने त्याचा विचार केलेला होता. मी पाण्यात मिसळणारा रंग आणणार आहे, दार उघडे ठेवणार आहे, आणि तरीही पायरीवर कुणाला तरी बसवणार आहे.